बारीक होत गेलेलं अक्षर

मी एक जुना शाईचा पेन आहे आणि सध्या माझा मुक्काम औषधांच्या खोक्यात आहे. एका बाजूला रिकामी मलमाची नळी, दुसऱ्या बाजूला थर्मामीटर. शेजार शांत आहे. मित्रांनो, पेनाला असा शेजार का मिळाला, हे सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. एका कारागिराने माझी निब दगडावर घासून गुळगुळीत केली, डोळ्याजवळ धरून पाहिली आणि नुसतं "हं" म्हणाला. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. मग मी दुकानाच्या काचेत जाऊन बसलो. पेन घ्यायला आलेली माणसं तो चालवून बघताना काय लिहितात, ठाऊक आहे? स्वतःची सही! जो येईल तो सही करी, तिच्याकडे कौतुकाने बघे आणि मला परत ठेवून जाई. मग एके दिवशी एक बाई आल्या आणि त्यांनी मात्र लिहिलं, "हा पेन बडबड्या दिसतो." दुकानदार हसला आणि मी त्यांच्या पर्समध्ये गेलो.

बाई मुलांसाठी गोष्टी लिहायच्या. एका साप्ताहिकात मुलांचं पान असे, त्यात दर आठवड्याला त्यांची गोष्ट येई. त्यांचे यजमान एका कचेरीत टंकलेखक होते. घरी आले तरी त्यांची बोटं थांबत नसत. दूधवाल्याला चिठ्ठीसुद्धा ते टाइप करून लावत. पुढे टाइपरायटर गेला, संगणक आला, पण बटणांवर बोटं आपटायची सवय तीच राहिली. म्हणून बाईंनी त्यांचं नाव ठेवलं होतं खटखटराव. मीही तेच म्हणतो.

घरात दोन पक्ष होते. बाईंना हाताने लिहिल्याशिवाय काही सुचत नसे आणि खटखटरावांना टाइप केल्याशिवाय काही पटत नसे.

"बघ, कशी एका रांगेत उभी आहेत अक्षरं!" ते म्हणायचे.

"तुमची शाळेत निघालीत," बाई म्हणायच्या. "माझी सुट्टीवर आहेत."

"सुट्टीवर नाही, फरार आहेत. तुझं अक्षर वाचणारा जगात एकच माणूस आहे. त्याला जरा जपून ठेव."

हे मात्र खरं होतं. बाईंचं अक्षर साप्ताहिकाच्या संपादकांना वाचता येत नसे, सख्ख्या मुलीलाही येत नसे. त्यामुळे बाईंनी लिहायचं आणि खटखटरावांनी टाइप करायचं, अशी वाटणी झाली होती. कागद पाण्याच्या तांब्याला टेकवून ते बसत आणि दर दोन ओळींनी हाक मारत, "अगं, इथे कोल्हा पळाला की पडला?" बाई स्वयंपाकघरातून ओरडत, "पळाला हो! पडला तर गोष्ट संपेल ना!" मग पळण्यावरून वाद, वादानंतर चहा. सगळ्या घराला ऐकू जाणारं ते प्रेम होतं. मी कागदाशेजारी टोपण काढून पडलेला असे आणि ऐकत असे.

इतकी वर्षं एकाच हातात राहिल्यामुळे माझी निब बाईंच्या हाताच्या कलाने झिजली. दुसऱ्या कुणी मला धरलं तर मी खरखर करी. बाईंच्या हातात मात्र तेलावरून फिरल्यासारखा चाले.

मित्रांनो, हिशेबाची सवय मला पहिल्यापासूनच आहे. पोटात शाई किती आली आणि कागदावर किती गेली, हे पेनाला कळणारच. एका वर्षी हा हिशेब जुळेना. पानं तेवढीच, गोष्टी तेवढ्याच, पण शाई मात्र उरू लागली. मग मी नीट पाहिलं. ओळीची सुरुवात नेहमीसारखी होई, पण पुढे पुढे अक्षरं लहान होत जात आणि ओळीच्या टोकाला तर मोहरीएवढी उरत. बाईंची बोटं मला पूर्वीपेक्षा घट्ट धरत होती आणि हळू चालत होती.

खटखटरावांच्याही ते लक्षात आलं. पण त्यांनी काय करावं?

"काय हो बाई, कागदाची काटकसर चाललीय की माझ्या डोळ्यांची परीक्षा?"

"परीक्षाच समजा," बाई म्हणाल्या. "नापास झालात तर दुसरा टायपिस्ट बघते."

ते नापास होणारे नव्हते. त्यांनी एक भिंग आणलं. अक्षर आणखी लहान झालं, तेव्हा त्याहून मोठं भिंग आणलं. बारीकात बारीक शब्द लागला की ते मांडीवर थाप मारत. संपादकांकडे जाणारा मजकूर नेहमीसारखाच स्वच्छ असे, कारण टाइपात सगळी अक्षरं धडधाकट दिसतात. बाईंचा हात आखडत चालला होता आणि छापलेल्या पानावर त्याची खूणही नव्हती.

मग मुलगी माहेरी आली. नातीसाठी घेतलेलं पुस्तक तिने बाईंसमोर ठेवलं. "आई, पहिल्या पानावर तुझ्या हाताने दोन ओळी लिही."

बाईंनी लिहिलं. मुलीने पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. "आई, हे काय लिहिलंस? शेवटी तर नुसते ठिपके आहेत."

खटखटराव हसले. "तुला नाही जमायचं ते. आण इकडे." आणि त्यांनी दोन्ही ओळी घडाघडा वाचून दाखवल्या.

मुलगी हसली नाही. "बाबा, तुम्हाला वाचता येतं की नाही हे मी विचारत नाहीये. हिला लिहिता का येत नाहीये?"

खटखटरावांनी पुस्तक हळूच मिटलं.

डॉक्टरांकडे बाईंनी मला बरोबर नेलं. डॉक्टरांनी त्यांना एकच वाक्य पुन्हापुन्हा लिहायला सांगितलं, मग गोगलगाईच्या पाठीसारखं एक वेटोळं काढायला सांगितलं. ते वेटोळं मी काढलं. ते इतकं लहान निघालं की मलाच लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, आजार मेंदूतला आहे. हालचाली हळूहळू आखडत जातात. औषधाने आवरता येतो, पण जात नाही.

"अक्षर कधीपासून लहान होतंय?" त्यांनी विचारलं.

"झाली की दोन वर्षं," खटखटराव म्हणाले.

"मग तेव्हाच का नाही आलात? ही वर्षं यांना थोडी सोपी गेली असती."

खटखटराव टेबलावरच्या माझ्या टोपणाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला वाचता येत होतं, डॉक्टर."

आजवर मी पुष्कळ वाक्यं लिहिली, पण एवढं जड वाक्य माझ्या निबेखालून कधी गेलं नाही.

त्यानंतर घरात मोठ्या बटणांचा कीबोर्ड आला. खटखटराव शिकवायला बसले. "बोट ठेवलं की लगेच उचल." पण बाईंचं बोट बटणावर टेकलं की तिथेच राही. पडद्यावर उमटलं, "बबबबबबदक." बाई म्हणाल्या, "बदकाला थंडी वाजतेय." दोघंही हसले. मग बाईंनी हात मांडीवर घेतला आणि पुन्हा कीबोर्डवर ठेवला नाही.

"बरं, तू नुसतं सांग. मी टाइप करतो."

"बोलून नाही हो सुचत मला. पेन कागदाला टेकला की सुचतं. तुम्हाला माहितेय ना?"

त्यांना माहीत होतं.

त्या बदकाची गोष्ट तेव्हा मुलांच्या पानावर क्रमशः चालू होती. एक बदक आपलं तळं शोधत निघालं होतं. बरोबर एक कासव होतं, फारसं न बोलणारं. बाई आजारी पडल्या आणि बदक वाटेतच राहिलं. मुलं विचारू लागली. संपादकांनी निरोप पाठवला की शेवटच्या भागासाठी जागा ठेवली आहे, जमेल तेव्हा द्या. बाई म्हणाल्या, "एवढं मी माझ्या हाताने लिहिणार. मग पेन ठेवला तरी चालेल."

धरायला सोपा जावा म्हणून खटखटरावांनी माझ्या अंगाभोवती कापडाची पट्टी गुंडाळली. बाई खिडकीपाशी बसत, एक ओळ लिहीत, थकत, दुसऱ्या दिवशी पुढची. कितीतरी दिवस एकच पान चाललं होतं. त्या पानावरचा शब्दन्‌शब्द मला ठाऊक आहे, कारण तो मी लिहिला आहे. पान पूर्ण झालं आणि बाईंनी ते खटखटरावांच्या हातात दिलं.

त्यांनी ते तांब्याला टेकवलं आणि भिंग घेतलं. मग दुसरं भिंग. कागद दिव्याखाली धरला, उलटा करून पाहिला. बाई आतल्या खोलीत पडून होत्या. बराच वेळ काही ऐकू आलं नाही आणि मग एकदम खटखट सुरू झाली. सलग, न थांबता. "अगं, इथे काय आहे?" अशी एकही हाक आली नाही.

मित्रांनो, मला तेव्हाच कळलं. आतल्या खोलीत बाईंनाही कळलं असणार.

अंक छापून आला. शेवटच्या भागात बदक तळ्यात पोचलं, सगळ्या बदकांनी पंख फडफडवले, आनंदीआनंद झाला. बाईंनी ओळींवरून बोट फिरवत सगळं वाचलं.

"बरोबर उतरलंय ना?" खटखटरावांनी विचारलं. त्यांचा आवाज नापास झालेल्या मुलासारखा होता.

"अगदी तस्सं," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "तुमच्याशिवाय कुणाला जमलं असतं?"

बाईंचा शेवट तसा नव्हता. त्यांच्या शेवटात बदक तळ्यात उतरतं आणि लगेच मागे वळतं. काठावर कासव उभं असतं. बदक त्याला म्हणतं, "चिखलातली माझी वेडीवाकडी पावलं तूच ओळखलीस, म्हणून मला घर सापडलं. एवढ्या वाटेत तुला एकदाही सांगितलं नाही, आता सांगते."

पुढे बाईंचा आवाजही अक्षरासारखाच बारीक होत गेला. आणि एके दिवशी त्या गेल्या. त्यांची औषधं फेकली गेली, खोकं राहिलं. कुणीतरी घाईत मला त्यात ठेवलं.

खटखटराव रोज सकाळी खिडकीपाशी तेच पान घेऊन बसतात. मुलीला ते दाखवत नाहीत. दाखवायचं तर छापलेला शेवट तिच्या आईचा नव्हता, हेही सांगावं लागेल. अजून ते दुसऱ्या ओळीतच अडकले आहेत. कासव अगदी पानाच्या तळाशी आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरातल्या माणसांचं अक्षर अधूनमधून बघत जा. ते बदललं, तर चिडवण्याआधी "हात दुखतोय का?" एवढं विचारा. आणि खिडकीशी कागद धरून बसलेले एखादे आजोबा दिसले, तर तसेच पुढे जाऊ नका. तुमचे डोळे तेज आहेत. त्यांना काही विचारू नका, नुसतं शेजारी बसा आणि ते पान वाचून दाखवा. सावकाश, आणि तळापर्यंत.