सगळ्यात सुरक्षित जागा

तिच्या घरात धोक्याला शिरायला फटसुद्धा नव्हती. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, प्लगच्या भोकांना झाकणं, फ्रीजवर दवाखान्यांचे तीन नंबर. दीड वर्षाचं पोर दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून ती जमिनीवर पडलेलं बटणही दुरून हेरायची.

सासूबाईंनी सोनाराकडून सैल करून आणायला दिलेली अंगठी पर्समध्ये ठेवणं म्हणूनच तिला पटेना. पर्स पोर उलटी करतं. कपाटाची किल्ली तर त्याचं आवडतं खेळणं. राहता राहिलं स्वतःचं बोट. अंगठी घालताना पेरावर अडली, पण रेटल्यावर गेली. घट्ट आहे तेच बरं, पडायची भीती नाही, असं म्हणून ती कामाला लागली.

दुपारपर्यंत बोटाचं गाजर झालं.

"ओढू नकोस," नवरा म्हणाला.

"कुठे ओढतेय?" ती अर्धा तास तेच करत होती.

"चल, सोनाराकडून कापून घेऊ."

"कापून? आईंनी चाळीस वर्षं जपलीय. माझ्याकडे आली आणि दोन दिवसांत तुकडे?"

"आई काही बोलायची नाही."

"तेच तर. नुसतं बघतील."

त्या बघण्याखालीच तो लहानाचा मोठा झाला होता.

चारला सासूबाई नातवाला भेटायला आल्या. सुनेने हात टॉवेलात गुंडाळून चहा विचारला. तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईपासून टॉवेल काय लपवणार?

"हात दाखव."

दाखवावा लागला. त्यांनी नख दाबून सोडलं आणि रंग परत येतोय का ते पाहिलं. "मुंग्या येतायत? बधिर वाटतंय?"

"नाही."

"मग बघू. निळं पडलं असतं तर इथे बसले नसते, सरळ दवाखान्यात नेलं असतं. हात वर कर."

गार पाण्याचं फडकं गुंडाळून ती दहा मिनिटं हात वर धरून बसली. पोरानेही हौसेने हात वर केला. मग सासूबाईंनी साबण चोळला, सुईने शिवणाच्या दोऱ्याचं टोक अंगठीखालून तळहाताकडे काढलं आणि उरलेला दोरा अंगठीपासून पेराच्या पुढपर्यंत वेढ्याला वेढा लावून गुंडाळला. तळहाताकडचं टोक धरून त्या सावकाश उलगडू लागल्या. एकेक वेढा सुटे, अंगठी तेवढीच पुढे सरके. पेर ओलांडताना सुनेचे डोळे पाण्याने भरले. आणि अंगठी सासूबाईंच्या हातात आली.

दोरा त्यांनी लगेच सोडवला. "दुपारपासून अडकली होती, तर कापून का नाही घेतलीस?"

"तुमची अंगठी... अख्खी राहावी म्हणून."

सासूबाईंनी नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "सोनार अंगठी सैल कशी करतो, फुंकर मारून?"

दुसऱ्या दिवशी दोघी सोनारासमोर बसल्या होत्या. मोठी करायची तर जोड घालावा लागेल, म्हणत त्याने बारीक करवत उचलली. "कुठे कापू?"

"हिला विचारा," सासूबाई म्हणाल्या. "हिनेच जपलीय."

तिने सुजलेलं बोट पुढे केलं आणि अंगठीवरची जागा दाखवली.