काकांचा गुण्या

तिसऱ्या दुकानात पोचेपर्यंत काकांनी लोखंड कापायची दोन बँडसॉ मशीनं नापास केली होती. पद्धत त्यांची स्वतःची. दुकानदाराकडून लोखंडाचा चौकोनी गज कापून घ्यायचा, खिशातला काटकोन तपासायचा गुण्या कापाला लावायचा आणि डोळा बारीक करून उजेडाकडे धरायचा. फट दिसली की मशीन बाद.

पुतणी मागे हाताची घडी घालून उभी होती. काकांचा उजवा खांदा हातकरवतीने कामातून गेला होता. त्यांच्या फाटकांच्या वर्कशॉपातलं सगळं कापायचं काम तिच्यावर आलं होतं आणि काका तिचा प्रत्येक तुकडा "वाकडा, कानशीने घास परत" म्हणून परत करत. सकाळीच तिने ठणकावलं होतं, "आज मशीन आलं नाही, तर सोमवारपासून मी दुसऱ्या वर्कशॉपात. सांगून ठेवते." काका वरवर हसले होते, पण लगेच मशीन बघायला निघाले होते. ती गेली तर वर्कशॉपला कुलूपच.

गज कापून पडला. काकांनी गुण्या लावला.

"वाकडा!"

"अहो, सकाळीच सेट केलंय मशीन," दुकानदार चिडला.

"माझा गुण्या खोटं बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी हातोड्याखाली आला, तरी टवका उडाला नाही."

पुतणीने मान वर केली. तिने गुण्या त्यांच्या हातातून काढून घेतला, शेजारच्या पत्र्याच्या सरळ कडेला टेकवला आणि एक ठिपका काढून तिथून पेन्सिलीने रेघ ओढली. मग गुण्या उलटा करून त्याच ठिपक्यापासून दुसरी. गुण्या खरा असता, तर दोन्ही रेघा एकीवर एक आल्या असत्या. त्या भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींपासून लांब लांब गेल्या.

दुकानदाराने तोंड फिरवून हसू दाबलं.

काका पत्र्याकडे बघतच राहिले. दोन वर्षं लोकांची फाटकं नीट लागत नव्हती आणि ते बेधडक सांगत होते, भिंतीच वाकड्या आहेत तुमच्या. त्याचं एवढं काही नाही, लोक विसरतात. पण ही पोरगी दोन वर्षं सरळ कापत होती, आणि आपण तिला कानस घेऊन ते वाकडं करायला लावत होतो! काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तीनदा. तुम्ही म्हणालात, गुण्याला अक्कल शिकवू नकोस."

काका दुकानदाराकडे वळले.

"हे मशीन पाठवून द्या," ते म्हणाले, "आणि एक नवा गुण्या काढा. माझ्याकडे नको, हिच्याकडे द्या. यापुढे माझं काम ही तपासेल."

पुतणीने नवा गुण्या घेतला, रेघा ओढून पारखला आणि पर्समध्ये टाकला.

"सोमवारी आठला आपल्या वर्कशॉपात या," ती काकांना म्हणाली. "उशीर चालणार नाही."

"येतो," काका म्हणाले.