सतरा तारखेवर अडलेली

अठराची सकाळ झाली तरी माझ्या अंगावर सतराच तारीख होती. तेव्हाच मला धस्स झालं.

मी म्हणजे रोज एक पान फाडायची दिनदर्शिका. तंजावूरच्या तांदळाच्या दुकानात फुकट वाटलेली. पुढे तमिळमध्ये तारीख नि राहुकाळ, मागे कोरी. नागलक्ष्मीने मला मागच्या दाराशेजारी खिळ्याला लावलं. दाराबाहेर कालवा, पलीकडे भातशेत.

तिचा नवरा नुकताच गेला होता. ती पहाटे दार उघडायची, कालचं पान फाडायची, उंबऱ्यावर बसून त्याच्या पाठीवर देवनागरीत मराठीच्या दोन-चार ओळी लिहायची नि तारेच्या आकड्याला टोचून ठेवायची. आटलेला कालवा. सुगरणीचं पडलेलं घरटं. मग जूनमध्ये खळखळत आलेलं पाणी. नवऱ्याचं नाव कुठेच नसे, तरी ते त्याच्यासाठीच आहे हे मला कळायचं.

"काय गं लिहितेस, अम्मा?" लेक विनुता विचारायची.

"सामानाची यादी. तुझ्यासाठी पाव किलो धीर आणायचाय."

पोर तशीच आहे. कॉलेज शिकली, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. घरात आमच्या तंजावुरी घरांसारखी मराठी बोलते, पण वाचते तमिळ आणि इंग्रजी. देवनागरीत स्वतःचं नाव तेवढं ओळखते.

सतरा सप्टेंबरला जेवता जेवता नागलक्ष्मी कलंडली, ती उठलीच नाही. दार बंद झालं. माणसं आली, रडली, जेवली, गेली. मला कुणी हात लावला नाही.

आज विनुताने रद्दीत टाकायला आकडा उचलला आणि थबकली. सगळ्यात वरच्या पानावर तिचं नाव!

"यादीत माझं नाव कशाला?"

वाचून घ्यायला तिने पानावर मोबाइल धरला. त्याला अम्माचं अक्षर लागेना. त्याने भलतंच काहीतरी वाचलं. मला पाठ आहे ते:

भात कापलं, रान उघडं,
बगळा तरी येतो रोज.
विनुता, दार उघड सकाळी,
त्याच्यापाशी मला शोध.

पण मला तोंड कुठलं? नुसती फडफडले.

हे वाचणारं नात्यात आता एकच माणूस उरलंय, पापनाशमची महालक्ष्मीमावशी. विनुताने तिला पानाचा फोटो पाठवला नि फोन लावला. उचलला नाही. पुन्हा. पुन्हा. सहाव्यांदाही नाही. "अय्यो, हिलाही काही झालं असलं तर?" ती दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत फेऱ्या घालतेय. पान घामाने ओलं होतंय. पोरी, शाई फुटेल गं!

दाराबाहेर बगळा आलाय, मला त्याच्या पंखांचा आवाज कळतो. ही कडी काढत नाही.

मावशी, कुठे असशील तिथून उचल. सावकाश वाचून दाखव. आणि विनुता, मग माझी पानं फाड गं. सतरावर उभं राहून मी दमले.

सातव्यांदा घंटी वाजतेय. वाजतेय.

"हां, विनू? बसमध्ये होते गं, ऐकू आलं नाही. बोल कण्णा, बोल बाळा."