खानगी खात्यातली लूना

पडले ती थेट चंपाबेनच्या वांग्यांत. सकाळी पावणेसहाला लहरीपुरा दरवाज्याशी तिनं नुकती टोपली मांडली होती, आणि मी ब्रेक दाबायचा सोडून अॅक्सिलरेटर पिळला.

"बेन, वाग्युं तो नथी ने?" लागलं का विचारत तिनं मला उठवलं. "आटली सवारमां क्यां जवुं छे?"

"कुठं नाही," मी म्हटलं. सवयीनं.

आमच्या घरात बेत सांगायची पद्धतच नाही. आजोबा राजवाड्याच्या खानगी खात्यात, म्हणजे महाराजांच्या खासगी कारभारात, कारकून होते. तिथली गोष्ट बाहेर गेली की नोकरी गेली. खातं केव्हाच बुडालं, पण तोंड मिटून बसायची शिस्त माझ्या वडिलांनी, अण्णांनी, चालू ठेवली. सांगायचं ते झाल्यावर. मीही तशीच. गुपचूप सतार धरली, गुपचूप सोडली. टायपिंगचं तेच. कुणाला सांगितलेलंच नाही म्हटल्यावर सोडलं तरी विचारणार कोण? फार सोयीचं असतं हो ते!

पण या वेळी सोडून चालणार नव्हतं. तेवीस वर्षं फळ्यापुढे घालवल्यावर वासण्याच्या नव्या शाळेत मला मुख्याध्यापिका करत होते. शाळा सकाळी सातची, त्या वेळी तिकडे बस नाही आणि रोजची रिक्षा परवडणारी नाही. पंधरा जूनपर्यंत गाडी चालवता आली नाही, तर खुर्ची दुसऱ्याची. म्हणून पंचाण्णवच्या मे महिन्यात, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, जुनी लूना घेतली आणि अण्णांना सांगितलं, मैत्रिणीची आहे, ठेवायला दिलीय.

चंपाबेन एकेक वांगं पदराला पुसत होती. एक शब्दानं रागावली नाही. मला रडूच फुटलं आणि सगळं सांगून टाकलं.

"पंदर जून? तो रोज अहींथी ज जजो. हुं पूछीश." रोज इथूनच जायचं आणि ती विचारणार!

एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर शाळेतल्या मालविकालाही सांगितलं. ती वासण्याच्या वाटेवर, नदीपलीकडे आकोट्याला राहायची. "कमाल आहे तुमची, निरुताई! यात लपवायचं काय? पूल ओलांडून माझ्याकडे चहाला या, तोवर रोज विचारत राहणार."

झालं! रोज सकाळी चंपाबेनची हाक, "आजे क्यां सुधी?" आज कुठवर? न्यायमंदिर. दांडिया बाजार. खोटं बोलायची सोय नव्हती. मालविका दुपारी फोन करून पुन्हा विचारायची.

आठ जूनला आकोट्याच्या पुलावर मागून ट्रकनं भोंगा वाजवला आणि मी घाबरून खालीच उतरले. लूना ढकलत घरी आणली, वाटेत चंपाबेनला ट्रकचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून चादर घेतली. नाही जमत. सुटले एकदाची!

सव्वासहाला दारावर थाप. टोपली कुणाच्या तरी भरवशावर टाकून चंपाबेन आली होती.

"बेन केम न आव्यां? छ ज दहाडा बाकी छे!"

सहाच दिवस उरले होते खरे. दार अण्णांनी उघडलं होतं. तिनं त्यांना लूनेपासून ट्रकपर्यंत सगळं ऐकवलं. ती गेल्यावर अण्णा माझ्या खाटेशी आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"मला सायकल शिकायची होती," ते म्हणाले. "एकदा पडलो. कुणाला बोललो नव्हतो, म्हणून राहूनच गेली. कचेरीत जन्मभर चालत गेलो." मग चादर ओढली. "ऊठ, निरू."

मी उठले. बारा जूनला पूल ओलांडला आणि मालविकाकडे दोन कप चहा प्यायले.

पंधराला सकाळी बघते, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा कोट आणि काळी टोपी घालून लूनेपाशी उभे. "मागची सीट रिकामीच आहे ना?"

लहरीपुऱ्याला चंपाबेननं विचारलं, "क्यां चाल्या, दादा?"

या प्रश्नाला अण्णांचं जन्मभराचं उत्तर 'जरा बाहेर'. त्या दिवशी ते भर बाजारात ओरडले, "वासण्याला! मुलगी मुख्याध्यापिका आहे माझी! तिथल्या शाळेत चाललोय!"

"अण्णा, अजून पोचायचंय."

"म्हणूनच सांगतोय. आता थांबायची सोय नाही तुला."

पुलावर मागून भोंगा वाजला. माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं घट्ट झाली. मी डावीकडे सरले, ट्रक पुढे गेला आणि मी चालवत राहिले.

सात वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा आम्ही शाळेच्या फाटकातून आत शिरलो. अण्णा सावकाश उतरले, टोपी सारखी केली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

"रिक्षा बघू का घरी जायला?" मी विचारलं.

"छे! सुटेपर्यंत बसतो. जाताना लूना आधी चंपाबेनकडे घे. पोचलो म्हणून तिला सांगायचं आहे."