बुसैतीनच्या गच्चीवरचा अमोनिया

मुझम्मिलने गच्चीचं दार ढकललं आणि खांबावरच्या रिकाम्या हुकाकडे बघत राहिला. हवा होती; ती मोजणारी डबी नव्हती.

लिंबाएवढी डबी, आत आम्ल लावलेला कागद. महिनाभर टांगायची, मग कागदाने टिपलेला अमोनिया प्रयोगशाळेत मोजायचा. बहरीनमधल्या बुसैतीनच्या या गच्चीभोवती ना गोठा, ना गटार, समोर समुद्र. तरी आकडा हिद्दच्या बंदराजवळच्या खांबाहून कितीतरी जास्त. प्रयोगशाळेच्या मॅडमनी बजावलं होतं, संध्याकाळच्या मीटिंगपर्यंत कारण आणा, नाहीतर सहा महिन्यांचे आकडे रद्द. मुझम्मिलच्या कॉन्ट्रॅक्टचा विषयही त्याच मीटिंगमध्ये होता. म्हणून आज तो न कळवता आला होता.

इमारतीचा रखवालदार दत्ताराम गच्चीवरच्याच खोलीत राहायचा. दार उघडं होतं. एसी झोपेत बोलल्यासारखा पुटपुटत होता. त्याच्याखाली, उशीच्या वर, खिळ्याला डबी लटकत होती.

“दत्ताकाका, ही आत कशी?”

“मग काय तिला उन्हात भाजून काढू? एप्रिलपासून आतच ठेवतो. तुमचा फोन आला की बाहेर लावतो.” दत्तारामचा ऊर अभिमानाने भरून आला होता. “धुळीचा कण बसू दिला नाय, मुझम्मिलभाय.”

मुझम्मिल पलंगाच्या कडेवर बसला. सहा महिने तो बहरीनच्या हवेच्या नावावर दत्तारामची झोप मोजत होता.

“काका, माणसाच्या श्वासात, घामात अमोनिया असतो. हा आकडा तुमचा आहे.”

“माझा?” दत्तारामने चष्मा लावला. “किती भरलो?”

मुझम्मिलने पुढे केलेल्या आकड्यांच्या कागदावर एप्रिल, मे, जूनपुढे एकेचाळीस, चाळीस, बेचाळीस. जुलैला सव्वीस. मग एकोणीस, एकोणीस.

“जुलैत उतरला कसा? एसी बदललात?”

दत्तारामने सव्वीसवर बोट ठेवलं.

“मालू गावाला गेली. व्हिजिट व्हिसा संपला तिचा.”

समुद्रावरून एक विमान खाली येत होतं. त्याचा आवाज पोचायला बराच वेळ लागला.

“म्हणजे ती यात हाय?”

“आहे.”

“आणि निम्मा मी.”

“निम्म्याहून थोडे कमी.”

“बायको म्हणजे जास्तच असायची.” तो हसला. मग कागद सरळ करत म्हणाला, “मीटिंगात याचं काय करणार?”

“रद्द.”

“रद्द म्हणजे?”

“नव्हतंच, असं धरायचं.”

खिळ्यावरची डबी काढून, दोन्ही तळव्यांत धरून दत्तारामने मुझम्मिलपुढे केली.

मुझम्मिलने पेन काढलं. रखवालदाराला नीट समजावलं नाही ही चूक त्याची होती, आणि आता ती त्याच्याच अक्षरात राहणार होती. ‘ठिकाण’खालचं ‘गच्ची’ खोडून त्याने ‘खोली’ लिहिलं. शेजारी नवा रकाना आखला: ‘माणसं’. एप्रिल, दोन. मे, दोन. जून, दोन. जुलैपुढे त्याने ‘एक’ लिहायला घेतलं.

“दहा तारखेपर्यंत होती,” दत्ताराम म्हणाला. “तसं लिहा.”