दुपट्ट्याखालचा पाठ

पंच्याऐंशी सालचं सांगतो. रामाकोन्याचा श्रावण बी.एड.चा शेवटचा पाठ घ्यायले सौसरच्या शाळेत आला, अन् वाणिज्याचा चार्ट बसमध्येच विसरला. परीक्षक देशकर सर मागच्या बाकावर बसले होते. दहापैकी पाच गुण पडले त पास, नाई त वर्ष गेलं.

"चार्ट कुठी हाय?"

"बस घेऊन गेली, सर."

"मंग काय शिकवून राहिले, रिकामा फळा?"

पोट्टे खिदळले. श्रावणनं उन्हासाठी बांधलेला दुपट्टा सोडला. "सौदा शिकवतो. सर, हात द्या."

बैलबाजारात दलाल दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव कसा ठरवतात, ते त्यानं वर्गाले सांगितलं. सरायनं तीन बोटं दाबली. श्रावणच्या ध्यानात आलं. हा बैलाचा भाव नव्हता, त्याचेच गुण होते. त्यानं पंजा दाबून वर अजून तीन बोटं मागितली. सर चारावर आले. तो सातावर उतरला. शेवटी सरायनं त्याचा पुरा पंजा घट्ट दाबला.

"किती ठरलं, गुरुजी?" पोट्ट्यायनं विचारलं.

"ते दोघायलेच माहीत राह्यते," सर मिशीत हासले.

श्रावण आता रिटायर झाला. आजही कोणी हात हाती घेतला, का त्याले तो खडूनं खरबरीत झालेला पंजा आठवते.