उणे बारा

"काय वैनी, उद्यापास्नं दूध बंद करायचं न्हवं?" दारात म्हैस उभी करून पिराजी गवळ्यानं विचारलं.

"थांबा हो जरा! माझं मलाच ठाऊक नाही," कालिंदी म्हणाली. मॅट्रिकचा गणिताचा पेपर देऊन ती नुकती आली होती. पायातल्या चपलाही निघाल्या नव्हत्या.

आत वळकट्या बांधून तयार होत्या. नवरा वारल्यापासून ती आणि सासरे अण्णा दोघंच इथं राहत होती; त्यांना न्यायला धाकटा दीर यज्ञेश्वर मलकापूरहून आला होता. बोली साधी होती. पेपर चांगला गेला तर दोघांनी कोल्हापुरातच राहायचं. मॅट्रिक झाली की मुलींच्या शाळेत तिला नोकरी मिळणार होती. नाहीतर मलकापूर. दिराच्या घरी जन्मभर पोळ्या लाटायच्या.

पेपर कसा गेला ते अण्णा ठरवणार होते. उभी हयात मास्तरकीत गेलेला माणूस, पण आज त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"वर्गसमीकरण आलं होतं?"

"होय, मामंजी."

गेल्या वर्षी वर्गसमीकरणानंच तिचा घात केला होता. अण्णांनी पाटी पुढं सरकवली. "कर बघू. पायरी गाळू नकोस."

यज्ञेश्वर तसा वाईट माणूस नव्हे, पण सारखा घड्याळ बघायचा. अशा माणसासमोर गणित सोडवायचं म्हणजे जिवाला नुसता घोर! कालिंदीनं लिहिलं: क्ष² + ५क्ष − ८४ = ०. चौऱ्याऐंशीचे अवयव बारा आणि सात, त्यांच्यात फरक पाचाचा. मग कंस: (क्ष + १२)(क्ष − ७) = ०.

"शाब्बास! पुढं?"

"क्ष बरोबर सात."

"आणि?"

"उणे बारा आलं होतं. खोडलं."

अण्णा खाली बसले. त्यांची सगळी उदाहरणं शेताची, नाहीतर अंगणाची. रुंदी उणे कशी असेल? ते उत्तर खोडायचं, हे त्यांनीच तिच्या अंगी भिनवलं होतं. पेपरात मात्र शेत नव्हतं नि अंगणही नव्हतं. नुसतं 'सोडवा' म्हटलं होतं. तिच्या ते आत्ता ध्यानात आलं.

"अण्णा, बरोबर की चूक?" यज्ञेश्वरनं विचारलं. त्याला बीजगणिताचा गंधही नव्हता. अण्णांनी 'बरोबर' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण चुकीच्या उत्तराला त्यांनी जन्मात बरोबरची खूण केली नव्हती.

"अर्धं बरोबर," ते पुटपुटले.

"म्हणजे अर्धं चूक! झालं तर मग. उठा वहिनी, मोटार चुकेल."

"अर्ध्याचे मार्क मिळतात, भाऊजी," कालिंदी म्हणाली. ती उठली नाही. "ते कमी पडले तर पुन्हा बसेन. मी येत नाही. मामंजींना जायचं असेल तर त्यांनी खुशाल जावं."

यज्ञेश्वर वडिलांकडे बघत राहिला. अण्णांनी आपली वळकटी पुढं ओढली आणि तिची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना.

"वैनी, म्हस खोळंबलीया की!" बाहेरून पिराजी ओरडला.

कालिंदीनं सातापुढं 'किंवा −१२' लिहिलं, पाटी भिंतीशी उभी केली आणि तांब्या घेऊन दाराशी गेली.

"घाला दूध," ती म्हणाली. "आणि उद्या जरा लवकर या. मला अभ्यासाला बसायचंय."